नऊ नंबरचा प्रोग्राम

माझ्या नावावर आयुष्यात एकच पुस्तक आहे. पुस्तक म्हणजे तरी काय, पिवळ्या पुठ्ठ्याचं, पिना मारलेलं, साठेक पानांचं मॅन्युअल. वर 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग : प्रात्यक्षिके' असं छापलंय, खाली माझं नाव, आणि आत बारा प्रोग्राम. त्यातले अकरा बरोबर आहेत. नववा चुकलेला आहे. नोकरीत असेपर्यंत ही गोष्ट मी कुणापाशी बोललो नाही. बायको म्हणते, आता रिटायर होऊन घरी बसलात, कशाला उकरून काढता? पण दिवाळी अंकवाल्यांनी नोकरीतला अनुभव मागितला आहे, आणि खरा म्हणावा असा माझ्यापाशी एवढा एकच आहे. सत्काराच्या आणि गुणी विद्यार्थ्यांच्या गोष्टी बाकीचे लिहितीलच.

मी मूळचा रेडिओ-टीव्हीवाला. खामगावच्या बाजूला एका तंत्रनिकेतनात पोरांना सोल्डरिंग शिकवायचो. नवं शतक लागायच्या सुमारास आमच्याकडे कॉम्प्युटरची शाखा निघाली. जाहिरात दिली, मुलाखती ठेवल्या, पण पुण्या-नागपूरकडचं कुणी इकडं यायला तयार होईना. एकजण रुजू झाला आणि उन्हाळ्याचे आठ दिवस पाहून परत गेला तो गेलाच. शेवटी प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, तुम्हाला स्क्रीनमधलं कळतं, कॉम्प्युटरलाही स्क्रीनच असतो. असा मी कॉम्प्युटरचा मास्तर झालो. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलं, तीन जाड पुस्तकं घेतली, आणि पोरांच्या पुढं एक धडा राहील अशा बेतानं रात्रंदिवस वाचत सुटलो. कधी कधी तो एक धडाही पुढं नसायचा.

आमची लॅब म्हणजे देवघर. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसून आत यायचं. कॉम्प्युटर आठ आणि पोरं साठ. लॅबला थंड हवेचं यंत्र होतं, पण ते मशीनसाठी, आमच्यासाठी नाही. पोरं गर्दी करू लागली की आमचा शिपाई पुंडलिक त्यांना हाकलायचा, गर्मी करता म्हणून. दसऱ्याला तो प्रत्येक मॉनिटरला हळद-कुंकू लावायचा. एका वर्षी त्यानं फ्लॉपीच्या खाचेत झेंडूचं फूल खोचलं. पुढचे चार महिने त्या मशीनमधून पाकळ्या निघत होत्या. मी रागावलो तर म्हणाला, "सर, तोंड उघडं होतं, मले वाटलं फुलासाठीच हाये."

आणि लाईट. भारनियमन म्हणजे काय ते ज्यांनी तेव्हाचं वऱ्हाड पाहिलं त्यांनाच कळेल. लाईट जायची वेळ ठरलेली असायची, आणि न ठरलेल्या वेळीही ती जायचीच. बॅटऱ्या होत्या, त्या पहिल्याच वर्षी मेल्या. मग आम्ही प्रॅक्टिकल फळ्यावर घ्यायचो. हसू नका. फळ्यावर प्रोग्राम लिहायचा, खाली चौकट काढायची, चौकटीत आऊटपुट लिहायचा, म्हणजे हा प्रोग्राम चालवला तर पडद्यावर जे दिसेल ते. पोरं ते सगळं वहीत उतरवून घ्यायची. चांगल्या अक्षरात, चौकटीसकट. त्या वहीला जर्नल म्हणायचं. पुढच्या वर्षीची पोरं मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवायची. आमच्या कॉलेजात किती पोरं पोहण्याचं पुस्तक वाचून पोहायला शिकली याची गणती नाही.

आता हे ऑब्जेक्ट ओरिएंटेड काय प्रकरण आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पोरं त्याला नुसतं 'ऊप' म्हणायची. शेवटच्या वर्षाला हा विषय, आणि त्यातला पुढचा, अवघड भाग माझ्याकडे. मी वीटभट्टीपासून सुरुवात करायचो. विटेचा साचा म्हणजे क्लास. त्यातून निघालेली वीट म्हणजे ऑब्जेक्ट. साचा एक, विटा हव्या तेवढ्या. मग वारसा. एक क्लास बाप, दुसरा त्याचं पोरगं. बापाजवळ जे आहे ते पोराला आपोआप मिळतं, वर पोराचं स्वतःचं काही असलं तर वेगळं.

खरी गंमत पुढं आहे. समजा बापाला एक वाक्य दिलंय, 'मी वडील'. पोराला त्याचं वेगळं वाक्य दिलंय, 'मी मुलगा'. आता कुणी बाहेरून बापाच्या नावानं हाक मारली, आणि घरात पोरगं एकटंच आहे. ओ देणार तर पोरगंच. पण ते स्वतःचं वाक्य बोलेल की बापाचं? तुम्ही आम्ही म्हणू, स्वतःचं बोलेल, त्यात काय. सी प्लस प्लस ही भाषा तसं म्हणत नाही. बापाच्या वाक्याआधी 'व्हर्च्युअल' हा एक शब्द लिहिला असेल तरच पोराला स्वतःचं बोलायची मुभा. तो शब्द नसेल तर घरात उभं असलेलं पोरगंही 'मी वडील' असंच म्हणणार. एवढंच आहे. याच्यावर जाड पुस्तकात एक पूर्ण धडा आहे.

माझ्या मॅन्युअलमधला नऊ नंबरचा प्रोग्राम हाच. आणि त्यात मी 'व्हर्च्युअल' हा शब्द लिहायचा विसरलो. खाली चौकटीत आऊटपुट मात्र 'मी मुलगा' असा दिला.

कसा विसरलो? मॅन्युअल तयार करताना मी एकेक प्रोग्राम चालवून पाहत होतो. आठ चालवले. नवव्याला लाईट गेली. छापखान्याचा माणूस दारात उभा होता. बाकीचे चार मी डोक्यानं तपासून दिले. सोल्डरिंगवाल्याचं डोकं ते. तरी तीन बरोबर निघाले, हेच विशेष.

मॅन्युअल निघालं आणि मी मोठा माणूस झालो. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात तसं. या विषयावर छापलेलं काही आजूबाजूला नव्हतंच. शेजारच्या तीन कॉलेजांनी तेच मॅन्युअल लावलं. स्नेहसंमेलनात मला शाल-नारळ मिळाला. प्राचार्य भाषणात म्हणाले, आपल्या मातीतला लेखक. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती, आणि ती कुणाला मिळणार याबद्दल कुणाला शंका राहिली नाही.

चूक मला दोन वर्षांनी कळली. वरवट बकालचा एक पोरगा होता, बेरकी. परीक्षेत त्याला नऊ नंबरची चिठ्ठी आली. त्यानं प्रोग्राम चालवला, स्क्रीनवर 'मी मुलगा' आलं, बाहेरच्या परीक्षकानं जर्नलशी ताडून पाहिलं, मार्क दिले. नंतर मी सहज कोड पाहिला तर बाप नाही, पोरगं नाही, क्लास नाही, काही नाही. नुसती एक ओळ, 'मी मुलगा' असं छाप. मी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, हे काय रे?

तो म्हणाला, "सर, आऊटपुट येत नव्हता. म्हून आनला."

मी त्याला झापलं. पण घरी गेल्यावर मॅन्युअल काढलं, आणि पाच मिनिटांत सुटलेला शब्द सापडला. मग पुढच्या आठवड्यात जुन्या फ्लॉप्या काढून पाहिल्या. दोन वर्षांत ज्या ज्या पोराला नऊ नंबर आला होता त्या प्रत्येकानं तेच केलं होतं. सगळ्यांना कळलं होतं की प्रोग्राम तसा चालत नाही. एकानंही मला विचारलं नव्हतं. सरांचं मॅन्युअल चुकेल कसं? आपलंच काही चुकत असेल, असं प्रत्येकाला वाटलं असणार, आणि मग प्रत्येकानं आपापली वाट काढली.

मी ठरवलं, पुढच्या छपाईत तो शब्द घालू. एक शब्द तर आहे. पण चूक-दुरुस्तीची सूचना काढली असती तर तीन कॉलेजांना कळलं असतं, प्राचार्यांना कळलं असतं, शाल-नारळवाल्यांना कळलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढची छपाई आली, मी प्रुफं पाहिली, आणि शब्द घातला नाही. घातला तर कुणीतरी जुन्याशी ताडून पाहील असं वाटलं. माणूस किती खालच्या थराला जाऊन विचार करतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळूनही मी प्रुफं तशीच पाठवली.

त्याच्या पुढच्या वर्षी तरन्नुम आली.

पिंपळगाव राजा या गावची. तिचे वडील रहीम मास्टर तिथं शिवणकाम करायचे; टेलर मास्टर म्हणतात ना, ते. तरन्नुम रोज एसटीनं यायची. पहिल्या बाकावर बसायची आणि फार थोडं बोलायची. एकदा मी विटेचा साचा सांगत होतो, ती उठून म्हणाली, "सर, आमच्या घरी फर्मा असते तसंच ना हे?" फर्मा म्हणजे जाड खाकी कागदाचा कापलेला नमुना. कॉलरचा, बाहीचा, खिशाचा. कापडावर ठेवायचा, खडूनं भोवती रेघ मारायची आणि कापायचं. एका फर्म्यावर शंभर शर्ट. मी म्हटलं, अगदी बरोबर. त्या दिवसापासून मी विटा सोडल्या आणि फर्मा धरला. निवृत्त होईपर्यंत दर वर्षी तोच दाखला दिला. कुणाकडून घेतला ते कधी सांगितलं नाही.

तिच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, तसा कुणाच्याच नव्हता. तिनं त्या खाकी कागदावर कीबोर्ड काढला होता. एबीसीडी सगळं जिथल्या तिथं. वडिलांच्या शिलाई मशीनशेजारी बसून ती त्यावर बोटं चालवायची. आणि प्रोग्राम कागदावर चालवायची. एकेक ओळ वाचायची, शेजारी लिहायची, आता याच्यात काय आहे, आता त्याच्यात काय आहे. याला ड्राय रन म्हणतात. आम्ही सगळे तो करा म्हणून सांगायचो, करत कुणीच नव्हतं. आमच्याकडे इतक्या वर्षांत तो खरोखर करणारी ती एकटी.

तिचं पुढचं ठरलेलं होतं. डिप्लोमा झाला की अमरावतीला डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. तिथं तिची खाला, म्हणजे मावशी, राहायची. तिच्याकडे एक खोली रिकामी होती. पण खालाच्या मुलाचं लग्न पुढच्या वर्षी व्हायचं होतं, आणि सून आली की ती खोली गेली. म्हणजे संधी त्या एका वर्षाची. शिवाय मास्टरांची नजर अधू व्हायला लागली होती. हे सगळं तिनंच मला सांगितलं होतं, फॉर्मवर सही घ्यायला आली तेव्हा. मी म्हटलं, तुझं कुठं अडणार आहे? तू तर पहिली येशील.

परीक्षेच्या आधी पंधरा दिवस असतील. मी स्टाफरूममध्ये चहा पीत होतो. ती दारात उभी राहिली, हातात मॅन्युअल आणि खाकी कागदाची घडी. म्हणाली, सर, नऊ नंबरचा आऊटपुट असा येत नाही. आणि घडी उलगडून टेबलावर ठेवली. एकेक ओळ, शेजारी तिचं बारीक अक्षर, शेवटी 'मी वडील'. त्याखाली तिनं लिहिलं होतं, बापाच्या ओळीत व्हर्च्युअल लिहिलं तर 'मी मुलगा' येईल.

खोलीत आणखी दोघं-तिघं सर होते. मी कागद उलटा केला. म्हटलं, परीक्षा तोंडावर आली आहे, आता डोकं लावत बसू नको. मॅन्युअलमध्ये आहे तसं लिही. तिनं मॅन्युअल उचललं. कागदाची घडी घालून गेली. मला वाटलं, प्रकरण मिटलं. बारा चिठ्ठ्यांतली नऊ नंबरची हिलाच कशाला येईल?

तिलाच आली.

परीक्षेची आमची रीत सांगितली पाहिजे. बाहेरच्या कॉलेजातून एक परीक्षक यायचा आणि घरचा परीक्षक मी. पोरानं चिठ्ठी उचलायची, प्रोग्राम टाईप करायचा, चालवून दाखवायचा, कागदावर आऊटपुट लिहायचा. पण लाईट गेली तर? मग घरच्या परीक्षकाचा शब्द चालायचा. मी म्हणायचो, याचा चालला होता, मी पाहिलाय, आणि बाहेरचा मार्क टाकायचा. उद्या आम्ही त्याच्या कॉलेजात जायचो तेव्हा तो म्हणायचा आणि आम्ही टाकायचो. याला लबाडी म्हणा, पण एवढ्यामुळं कितीतरी पोरांचं वर्ष वाचलं. भारनियमनात दुसरं करणार काय?

त्या दिवशी बाहेरून आलेला परीक्षक तरुण होता. शेजारच्या कॉलेजातला. आल्या आल्या वाकून नमस्कार केला, म्हणाला, सर, आम्ही तुमचंच मॅन्युअल शिकवतो. मी खूश झालो. खोटं कशाला सांगू, झालोच.

तरन्नुमचा प्रोग्राम मी स्वतः पाहिला. मी तिच्या मागं उभा होतो. तिनं मॅन्युअलप्रमाणे टाईप केला, चालवला, स्क्रीनवर आलं, 'मी वडील'. वरवट बकालच्या पोरासारखी एक ओळ छापली असती तर सुटली असती. तिनं तसं केलं नाही. बापाच्या ओळीत व्हर्च्युअल टाकलं, पुन्हा चालवला, 'मी मुलगा'. दोन्ही आऊटपुट कागदावर लिहिले, खाली दोन ओळींत कारण लिहिलं. मग मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी पुढच्या मशीनकडं गेलो.

थोड्या वेळानं लाईट गेली. अर्ध्या पोरांचं दाखवून व्हायचं होतं. परीक्षक कागद गोळा करून माझ्याशेजारी बसला आणि एकेक नाव घेऊ लागला. मी म्हणत गेलो, चालला होता. चालला होता. याचाही चालला. काहींचे मी पाहिलेही नव्हते. मग तिचा कागद आला. त्यानं जर्नल उघडून ताडून पाहिलं. म्हणाला, सर, हिनं दोन उत्तरं लिहिलीत, आणि मॅन्युअलच्या प्रोग्रामचा आऊटपुट जुळत नाही. तिला बोलावून घेतलं.

ती आली, ओढणी सावरून उभी राहिली, आणि शांतपणे म्हणाली, "सर, मॅन्युअलमधी एक शब्द सुटला आहे."

त्यानं हसून माझ्याकडं पाहिलं. "आपल्या सरांच्या मॅन्युअलमध्ये?"

ती माझ्याकडं पाहत होती. मी उत्तरपत्रिका सारख्या करत होतो. त्या आधीच सारख्या होत्या. त्यानं मला विचारलं, सर, हिचा चालला होता का?

मी म्हणालो, "मॅन्युअलप्रमाणे आला नव्हता."

हे वाक्य खोटं नाही. आजही कुणी कोर्टात उभं केलं तर मी शपथेवर सांगू शकतो की त्यात एक शब्द खोटा नाही. म्हणूनच ते मला इतकं सोपं गेलं. परीक्षकानं मार्क टाकले. मी खाली सही केली. ती प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली. बाकी सगळ्या विषयांत वर्गात पहिली. नापास विषय पुन्हा द्यायचा तर सहा महिन्यांनी, आणि तोवर अमरावतीचा प्रवेश निघून जाणार.

निकालानंतर रहीम मास्टर कॉलेजात आले. मी आता विभागप्रमुखाच्या खुर्चीत होतो. दुकान तसंच टाकून आले असावेत, टेप गळ्यातच राहिला होता. मी बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेवर बसले. भांडायला आले असते तर मला बरं वाटलं असतं. ते भांडायला आलेच नव्हते. घरी लेकीनं त्यांना सगळं सांगितलं होतं, ते त्यांना नीटसं समजलं नव्हतं, आणि समजून घ्यायला ते सरांकडे आले होते.

म्हणाले, "सर, मी अनपढ मानूस. मले तुमचं कॉम्प्युटर समजत नाई. पन कपडा बिघडला का मी पहिले पाहतो, कापतानी बिघडला का शिवतानी. शिवतानी बिघडला तर शिवनाऱ्याची गलती. कापतानी बिघडला तर फर्मा पाहा लागते. मले एवढंच सांगा. पोरीचं कुठी बिघडलं?"

माझ्या टेबलावर पिवळ्या पुठ्ठ्याचं मॅन्युअल पडलेलं होतं. त्यांच्या हातापासून वीतभर लांब.

मी म्हणालो, "शिवतानाच बिघडलं, मास्टर. पोरगी हुशार आहे, पण तिनं घाई केली."

त्यांनी गळ्यातला टेप काढून हातात गुंडाळला. मग मान हलवली. म्हणाले, घाई होय, बरोबर आहे, तिची मायही तशीच होती. मी वेळ दिला म्हणून माझे आभार मानले. दारात जाऊन परत वळले आणि म्हणाले, तुम्ही सांगितलं ते बरं झालं, आता घरी नीट समजावून सांगतो.

ती सहा महिन्यांनी परीक्षा देऊन पास झाली. दुसरी चिठ्ठी आली होती. खालाची खोली गेलेली होती. पुढं ती काय करते याची मी चौकशी केली नाही.

आणि मॅन्युअल? ते सुधारायची वेळच आली नाही. काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलला. सी प्लस प्लस गेली, जावा आली. जावामध्ये पोराला बोलायची मुभा मागावी लागत नाही. बापाच्या नावानं हाक मारली तरी ते स्वतःचंच वाक्य बोलतं, तो शब्द लिहायचं कामच नाही. माझी पिवळी मॅन्युअलं पुंडलिकनं रद्दीत दिली. चूक कुणी दुरुस्त केलीच नाही, ती आपसूक गेली. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, तेही सांगून टाकतो.

आता शेवटचं. पेन्शनवाल्यांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे आपण अजून जिवंत आहोत हे दाखवायचं. आता ते अंगठ्यावर असतं. काचेवर अंगठा दाबायचा, मशीन ओळखतं. माझा अंगठा मशीन ओळखेना. आयुष्यभर सोल्डरिंगची इस्त्री धरून बोटांच्या रेघा गेल्या म्हणतात. बँकेतला पोरगा म्हणाला, काका, स्टँडमागं एका मॅडमचं सेंटर आहे, त्या करून देतात, त्यांच्याकडं म्हाताऱ्या माणसांचं बरोबर होतं.

गेलो. लहान दुकान, दोन कॉम्प्युटर, बाहेर बाकावर पाच-सहा म्हातारे. माझा नंबर आला तेव्हा मी खुर्चीत बसलो आणि वर पाहिलं. तिनं मला आधीच ओळखलं होतं. केस कानशिलावर पांढरे झालेले. "या सर," म्हणाली, "बसा." नाव विचारलं नाही, सरळ टाईप केलं. पूर्ण नाव, मधल्या नावासकट. मॅन्युअलवर तसंच छापलेलं होतं.

माझा अंगठा तीनदा नाकारला गेला. तिनं ओल्या फडक्यानं पुसला, कोरडा केला आणि आपल्या हातानं काचेवर ठेवला. मी लगेच उचलला.

"घाई करू नका, सर," ती म्हणाली. "दाबून ठेवा. मशीन टाईम घेते."

ती मुद्दाम म्हणाली की सगळ्यांना म्हणते तसं म्हणाली, मला माहीत नाही. अंगठा घेतला गेला. ती दाखला छापत होती, तेवढ्यात मी मास्टरांची चौकशी केली. म्हणाली, अब्बाले जाऊन दोन वर्षं झाले. शेवटी डोळ्यांनी दिसत नव्हतं. शिलाई मशीनवर मी बसले तरी मशीनच्या आवाजावरून ओळखायचे आणि म्हणायचे, घाई नको करू बेटा. कशातही तेच. भाकर टाकतानाही. सरांनी मले सांगतलं होतं, म्हणायचे.

मग माझ्यानं राहवलं नाही. मागं म्हातारे बसलेले होते, तरी मी म्हणालो, "तरन्नुम, चूक मॅन्युअलची होती. माझी होती. मला तेव्हाच माहीत होतं."

तिनं दाखला काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"मले बी माहीत होतं, सर. त्याच दिवशी."

"मग वडिलांना सांगितलं नाहीस?"

"सांगतलं होतं ना," ती म्हणाली. "पन सर तुमी होते."

मी दाखल्याची घडी घालून खिशात ठेवली. तिनं माझ्यामागच्या म्हाताऱ्याला पुढं यायला सांगितलं.